पूर्ण वाक्य

बाई, तुम्ही गेलात तेव्हाही मी इथेच होतो, सौदीत, जुबैलमध्ये, आणि सुट्टी मिळाली नाही. आज इतक्या वर्षांनी लिहितोय, कारण उद्या पुन्हा त्याच टाकीपाशी उभं राहायचंय आणि मला भीती वाटतेय.

तुमच्या इंग्रजीच्या तासाला अर्धं उत्तर चालत नसे. पाचवीत मी नुसतं 'मँगो' म्हणालो, तर तुम्ही बाकावर उभं केलंत. "पूर्ण वाक्यात सांग. आधी मराठीत मनाशी जुळव, मग तोंड उघड." मी जुळवायला शिकलो. दहावीला तुम्ही मला स्वतःचं शाईपेन दिलंत. चिपळूणच्या आमच्या शाळेत ते दुसऱ्या कुणाला मिळालं नव्हतं, त्यामुळे मी बरेच दिवस हवेत होतो.

इथे माझं काम टाकीच्या तोंडाशी दोरी आणि रेडिओ घेऊन उभं राहायचं. आत साफसफाईला माझ्याच खोलीतला गुहागरचा सोबती उतरतो. मी मधूनमधून दोरीला हिसका देतो, तो आतून उलट हिसका देतो. गेल्या आठवड्यात उलट हिसका आलाच नाही. फोरमन फिलिपिनो, त्याला हिंदी कळत नाही. 'इमर्जन्सी' एवढा एक शब्द पुरे, असं ट्रेनिंगमध्ये दहादा घोकून घेतलंय. पण मी रेडिओचं बटण दाबतोय, सोडतोय, पुन्हा दाबतोय, आणि मनात जुळवतोय: आत गेलेला माणूस उत्तर देत नाहीये. मराठीत सगळं तयार आहे. इंग्रजीत सुरुवात कुठून करावी ते ठरत नाही. पलीकडून फोरमन विचारतोय, "येस? येस?"

तेवढ्यात तो आपणहून वर आला, खोकत, डोळे लालभडक. हवेची नळी कुठेतरी दबली होती. त्याला पाणी दिलं, कुणीतरी यल्ला म्हणालं, काम सुरू झालं. सेफ्टी ऑफिसरने मला विचारलं, कळवलं का नाही? मी सांगितलं, रेडिओ खराब होता. हे वाक्य मात्र इंग्रजीत झटकन आलं, आणि पूर्ण आलं. तुम्ही खूश झाला असतात.

मघाशी डाळीला फोडणी देताना तो म्हणाला, "तू वर हायस ना, मग मला घोर नाय. रेडिओपण नवीन दिलाय आता."

मी मान हलवली. बाई, जुना रेडिओ चांगला होता. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं. सकाळी तो आत उतरायच्या आधी त्याला सांगायला हवं. दोन तास झाले, मी वाक्य जुळवतोय, आणि त्याला तर मराठीतच सांगायचंय.