राज्यातल्या सर्वोच्च ठिकाणी पहिलं पाऊल

३ मार्च
ठरलं! नोकरीसाठी येऊन राहिलो त्या या परराज्यातल्या सर्वोच्च ठिकाणी जायचं. काल साडू चारचौघांत म्हणाला, तुम्हाला एक जिना चढला की धाप लागते. आता सासरच्या अख्ख्या गोतावळ्यात तिथे पहिलं पाऊल माझंच. नाहीतर जन्मभर या माणसाचं ऐकून घ्यावं लागेल. उद्यापासून पहाटे पळणे.

५ मार्च
पळालो नाही. मोहिमेआधी विश्रांती महत्त्वाची. बूट आणले. चावतात, पण भारी बूट चावतातच. साडूला फोन करून बजावलं, फोटोची वाट बघा.

१२ मार्च
सासूबाई येणार! बायको म्हणते, आईला तेवढाच हवापालट. गुडघे दुखतात, गाडीत बसून राहील. असो. बेस कॅम्पला कुणीतरी लागतंच.

१४ मार्च
निघालो. बायकोने विचारलं, नकाशा नीट बघितलाय ना? म्हटलं, सर्वोच्च ठिकाण आहे, मान वर केली की दिसेल.

संध्याकाळ
रस्ता चुकलो नाही, फक्त लांबचा घेतला. दिवसभर नुसती सपाट शेतं. सासूबाई सारख्या विचारतात, जावईबापू, डोंगर कधी येणार? या घराण्याला धीर म्हणून नाही.

१५ मार्च, सकाळ
दिसला! अस्सा सुळका! रस्ता संपला तिथे, एका शेताच्या कुंपणाशी गाडी लावली. बायको म्हणाली, अहो, इथे पाटी आहे, वाचा तरी. वाचायला काय घरी पेपर येत नाही?

दुपार
शिखरावर. जीव अगदी कंठाशी आला होता, दोन्ही टाचा सोलल्या, पण पोचलो. डोळे भरून आले, का लपवू? फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. इथल्या मोबाईल टॉवरच्या वॉचमनने पाणी दिलं. राज्यातलं सर्वोच्च ठिकाण सर केलं म्हटल्यावर तो म्हणाला, साहेब, हा डोंगर शेजारच्या राज्यात. तुमची हद्द खाली ओढ्यापाशीच संपली. एकटं राहून माणसाचं असं होतं. कीव आली.

संध्याकाळ
खाली आलो. पाटी वाचली. राज्यातलं सर्वोच्च ठिकाण म्हणजे कुंपणाच्या आत, शेताच्या मधोमध एक बुटका दगड. जमीन दोन दिवस इतकी हळूहळू चढत होती की गाडीलाही पत्ता लागला नाही. ही काय पद्धत झाली?

सासूबाई पाय मोकळे करायला म्हणून उतरल्या होत्या. त्या दगडावर बसून संत्रं सोलत होत्या. बायकोने त्यांचा फोटो दुपारीच ग्रुपवर टाकलाय. त्याखाली साडूने लिहिलंय, आई, मानलं तुम्हाला! माझ्या फोटोखाली लिहिलंय, साडूभाऊ, तुम्ही नक्की कुठे आहात?

फोन बंद करून खिशात टाकला. रेंज नव्हती, असं सांगेन.

सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, किती दमलात हो, मी जरा सरकते, तुम्हीही टेका.

टेकलो. टाचा दुखत होत्या म्हणून. विक्रमाचा काही संबंध नाही.