तिचे उत्तर, माझे अक्षर

६ जानेवारी, सोमवार
संघप्रिया आज ठीक चार वाजता आली. पत्नी मीना गेल्यानंतर दिवसकार्यासाठी घरात पाहुण्यांची वर्दळ होती, तेव्हा ती दोनदा दारातून परत गेली होती. आज मी एकटा होतो. चप्पल भिंतीला समांतर काढून ठेवली, मीनाच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसली, पुस्तक उघडले. मी काही बोलण्याआधीच म्हणाली, "आजी न्हाईत, मला माहीत हाय. परीक्षा हाय."

समोरच्या घरातील धम्मपालची ही मुलगी. वय पंधरा, इयत्ता दहावी. वाचताना अक्षरे जागेवर राहत नाहीत असे ती म्हणते. अनोळखी माणसे आणि गोंगाट हेही तिला सोसत नाहीत. मग ती मुकी होते, कधी तासभर, कधी आठवडाभर. डॉक्टरांच्या दाखल्यावर डिस्लेक्सिया आणि स्वमग्नता अशी दोन्ही नावे आहेत. मीना तीन वर्षे तिला शिकवत होती. मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असे.

उद्यापासून मी शिकवीन, असे बोलून गेलो आहे. कोणत्या भरवशावर, ते मलाच ठाऊक नाही.

७ जानेवारी, मंगळवार
धम्मपालकडून सर्व समजावून घेतले. परीक्षेत तिला जादा वेळ मिळेल आणि लेखनिक मिळेल. लेखनिक म्हणजे नववीतील एखादी मुलगी. संघप्रियाने उत्तर सांगायचे, तिने लिहायचे. म्हणजे सगळी परीक्षा एकाच गोष्टीवर येऊन थांबते — परक्या मुलीशेजारी बसून ही बोलेल का?

उत्तीर्ण झाली तर आयटीआयमध्ये बेकरीचे काम शिकायचे तिने ठरवले आहे. न झाल्यास धम्मपाल तिला आपल्या पंखे-मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात बसवणार. त्या दुकानात दिवसभर मोटारी घरघरत असतात.

९ जानेवारी, गुरुवार
मी वाचतो, ती ऐकते. एकदा ऐकलेले ती विसरत नाही. आज लेखनिक होऊन पाहिले. भूगोलाचा प्रश्न : पश्चिम घाटात पाऊस अधिक का पडतो? तिने थांबत थांबत काही सांगितले, मी दीड पान उत्तर उतरवले. मुद्देसूद, समास सोडून, एकही खाडाखोड नाही. चौतीस वर्षे कलेक्टर कचेरीत हेच केले. साहेबांनी अर्धे वाक्य बोलावे आणि मी संध्याकाळपर्यंत पूर्ण पत्र सहीला ठेवावे. "माझ्या मनातले लिहिता," असे तीन कलेक्टर म्हणाले होते.

उत्तर तिला वाचून दाखवले. तिने वही मिटली आणि वेळेआधी निघून गेली.

१० जानेवारी, शुक्रवार
आली. बोलली नाही.

१३ जानेवारी, सोमवार
चौथा दिवस. चारला येते, पाचला जाते. एक शब्द नाही.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. मीना तीळ भाजत असे तेव्हा मी तिला हटकून सांगत असे की, करपतील. एकदाही करपले नाहीत. आज तीळ आणलेच नाहीत.

संध्याकाळी धम्मपाल आला. "जयभीम काका," म्हणून उंबऱ्यातच उभा राहिला. पोरगी घरीही बोलेना झाली आहे, जेवणही धड नाही, असे सांगितले. माझा दोष काढला नाही. तो संकोचच मला अधिक टोचला. शेवटी म्हणाला, "यंदा बसवायचंच नको म्हणतोय मी काका. उगं लेकराचं हाल. काकींची गोष्ट येगळी हुती."

फॉर्म भरलेला आहे, हॉलतिकीट येईल, असे काहीतरी मी म्हणालो. त्याने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. मला मुदत देण्याची वेळ आजवर कोणावर आली नव्हती!

१५ जानेवारी, बुधवार
मीनाच्या कपाटातून संघप्रियाच्या सात वह्या काढल्या. सर्वत्र मीनाचे अक्षर, पण वाक्ये मीनाची नाहीत. मुलगी बोलली तसे, तितके, त्याच क्रमाने उतरवलेले. ती जिथे थांबली तिथे मीनाने एक टिंब दिले आहे. काही पानांवर ओळभर टिंबेच आहेत. म्हणजे मीना तेवढा वेळ पेन धरून नुसती बसून होती.

भूगोलाच्या वहीत तोच प्रश्न सापडला. "आजीचं माहेर गगनबावडा. तिथं चार महिनं कापडं वाळत न्हाईत. आजीची आई चुलीवर दोरी बांधायची. शाळेत गेलं तरी आजीच्या परकराला धुराचा वास. पोरी हसायच्या. . . . समुद्राकडनं ढग येतात. डोंगर आडवा येतो. ढग वर चढतात, गार हुतात, पडतात. म्हणून."

त्या गुरुवारीही तिने दोरीपासूनच सुरुवात केली होती. मी ते विषयांतर समजून गाळले आणि थेट ढगांपासून लिहिले.

अडतीस वर्षांच्या संसारात धुराच्या वासाची ही गोष्ट मीनाने मला कधी सांगितली नाही. कदाचित सांगू लागली असेल. माहेरच्या बायका बोलतात तसे ती "मी येतो" म्हणाली की मी "येते" म्हणून दुरुस्त करत असे. सुरुवातीला हसायची — "परीक्षा घेताय व्हय माझी?" पुढे पुढे हसणे कमी झाले. बोलणेही. मी समजत होतो की, संसार मुरला.

१६ जानेवारी, गुरुवार
संघप्रियाची क्षमा मागितली. समोरासमोर, पूर्ण वाक्यात. तिने खिडकीकडे पाहत ऐकून घेतले. मग, सात दिवसांत पहिल्यांदाच, बोलली :
"तुम्ही माझं लिवत न्हाय. तुमचं लिवता. मग मी कशाला सांगू?"
मी म्हणालो, आता तू सांगशील तेच लिहीन. तिने तोच प्रश्न घेतला, दोरीपासून सुरुवात केली. मी लिहीत गेलो. दोन ठिकाणी हात शिवशिवला. आवरला.

२४ जानेवारी, शुक्रवार
तिला प्रत्येक धड्याचे दार मीनाने आपल्या आयुष्यातून काढून दिले आहे. त्या दाराखेरीज तिला आत जाता येत नाही. मी तिच्या मागे मागे जातो.

आज इतिहासात खेळांचा धडा होता. त्यातून कळले की मीना शाळेच्या खो-खो संघात होती, सामन्यासाठी ट्रकमधून कागलला गेली होती आणि परतताना उलट्या करत आली होती. धड्याच्या शेवटी मी विचारले, "जिंकल्या का?" पुस्तकाबाहेरचा प्रश्न होता. तिने सरळ उत्तर दिले, "हरल्या. पण भजी मिळाली."

मोठ्याने हसलो. या घरात दोन महिन्यांनी.

३१ जानेवारी, शुक्रवार
मुदतीचा दिवस. धम्मपाल चार वाजता येऊन कोपऱ्यात बसला. तिने विज्ञानाची तीन उत्तरे सांगितली. तो जाताना म्हणाला, "बसूं दे मग." डोळे पुसत होता, म्हणून मी दाराची कडी तपासत राहिलो.

८ फेब्रुवारी, शनिवार
लेखनिक ठरली. वर्षाराणी, संघप्रियाच्याच शाळेतील. चुणचुणीत आहे आणि नेमका तोच तिचा दोष! संघप्रिया एक शब्द बोलते, ही पुढचे चार लिहून मोकळी. पहिल्या प्रश्नाला संघप्रिया कानांवर हात ठेवून बसली.

वर्षाराणीला बाजूला घेतले. माझी ९ जानेवारीची चूक तिला सविस्तर सांगितली. आयुष्यात प्रथमच कनिष्ठासमोर स्वतःची चूक मांडली. ऐकून ती म्हणाली, "मंजे मी हुशारी करायची न्हाय, असंच की?" असंच, म्हणालो. सराव रोज होईल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
दहा दिवसांत आज पहिल्यांदा दोघींनी पूर्ण पेपर केला. तिसऱ्या प्रश्नाला संघप्रिया तिला म्हणाली, "थांब. माझं अजून संपलं न्हाय." वर्षाराणी थांबली. मी चहा करायला आत गेलो. साखर घालायची राहिली, ते कोणाच्या लक्षात आले नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
मराठीचा पेपर. धम्मपाल आणि मी केंद्राबाहेर रसाच्या गाड्यापाशी उभे. त्याने दोन ग्लास घेतले आणि दोन्ही माझ्या हातात दिले. त्याला भान नव्हते.

ती बाहेर आली ती न बोलता चालू लागली. हकिकत वर्षाराणीने सांगितली. खोली नवीन, पंख्याचा आवाज मोठा. पहिला अर्धा तास संघप्रिया बोलली नाही. पर्यवेक्षक बाई दोनदा म्हणाल्या, वेळ जातोय, काहीतरी लिहा. वर्षाराणीने लिहिले नाही. बाईंना म्हणाली, "तिनं सांगितलं न्हाय अजून." मग बाईंनी आपणहून पंखा बंद केला. त्यानंतर संघप्रिया बोलू लागली, ती शेवटच्या घंटेपर्यंत.

घरी येऊन मीनाच्या फोटोसमोर उभा राहिलो.

१७ मार्च, सोमवार
भूगोल. शेवटचा पेपर. सर्व पेपर दिले! निकाल लागेल तेव्हा लागेल.

चार वाजता ती आली. आज तिला अभ्यास नव्हता आणि मला सुचत नव्हते, म्हणून ही रोजनिशी काढून बसलो. तिने पानाकडे पाहिले. रोजनिशीतले माझे घाईचे, गिचमिड अक्षर तिला वाचता येत नाही.
"हे तुम्हाला कोण सांगतंय?"
कोणी नाही, म्हणालो.
तिने विचार केला. "मग उद्या मी सांगतो."

१८ मार्च, मंगळवार
सांगणार : संघप्रिया. लिहिणार : मी.

परीक्षा संपली तरी मी आलो. आजी दवाखान्यात हुत्या तवा मला म्हणालत्या, परीक्षेचं निमित्त कर आणि रोज चारला जात जा. ह्यास्नी शिकवू दे तुला. न्हाईतर हे बोलायचंच सोडतील. मी व्हय म्हटलं. कवापर्यंत जायचं ते आजींनी सांगितलं न्हाय. . . . म्हणून मी येतो. . . . . . . आजोबा, लिवा की. मी अजून बोलतोय.