साठीच्या गटातला तिसरा गडी

रविवार, १५ सप्टेंबर २०१९

झालं! दोन नावांवर गट नाही म्हणे. केयूरनं सकाळी फोनवरच सांगितलं — "काका, त्रण जोइए. बे मां गट नथी थतो." तीन तरी हवेतच. सायकलच्या शर्यती तोच भरवतो, पण नियमापुढं त्याचाही इलाज नाही. गेल्या साली तिसरे बाळकृष्णपंत होते, ते मुलाकडे पुण्याला कायमचे गेले. उरलो मी आणि गजेंद्र. साठीपुढचा गट झाला नाही तर आम्हाला चाळिशीवाल्यांत टाकणार. म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे! पुढच्यानं एक फेरी जास्त मारून गाठलं की शिट्टी, आणि आपण दोरीबाहेर. आधी मी तसाच बाहेर बसायचो, शेंगा सोलत. गेल्या साली वय झालं, गट मिळाला, आणि शेवटच्या फेरीची घंटा पहिल्यांदा चालत्या सायकलवर ऐकली. त्या घंटेवर आख्खा पावसाळा काढलाय मी.

मंदा म्हणते, "सायकल असून ती खांद्यावर घ्यायची, चिखलात पळायचं, आणि त्याची शर्यत! अहो, मग सायकल नेता तरी कशाला?" सायक्लोक्रॉस म्हणजे काय हे तिच्याइतकं थोडक्यात मला आजवर कुणाला सांगता आलं नाही.

मंगळवार, १७ सप्टेंबर

विचारून विचारून तोंड दुखलं. मंडळात सगळे हसतात. जनार्दन म्हणाला, "तू मला एक गुडघा दे, मी लगेच येतो." दत्तूची बायको तर दारातूनच — "यांना नादी लावू नका हं!"

शुक्रवार, २० सप्टेंबर

पिलाजीरावांकडे जाऊन आलो. समोरचीच बिल्डिंग, पण दिवसकार्य झाल्यापासून पाय वळला नव्हता. त्यांच्या पद्मावहिनी श्रावणात गेल्या. साधा ताप काय, आणि माणूस जातो काय! तेव्हापासून पिलाजीराव गॅलरीतल्या हिंचक्यावर. झोपाळा हलतसुद्धा नाही. नुसते बसलेले. टिफिन दाराशी तसाच, वर मुंग्या.

वय माझ्यापेक्षा जास्त, पण माणूस काटक. मिलच्या ऑफिसात सारी नोकरी सायकलनं केली. मी म्हटलं, "पिलाजीराव, एक काम होतं. सायकलचं." वाटलं, हाकलून देतील. त्यांनी विचारलं फक्त, "कधी निघायचं?"

जिना उतरताना हलकं वाटलं. एका माणसाचं भलं करतोय असं वाटलं. पण इथं खोटं कशाला लिहू? आधी मला घंटा आठवली. मग पिलाजीराव.

रविवार, २२ सप्टेंबर

छाणीच्या पुढं मैदानावर सराव. पटांगण, मग आडव्या फळ्या, मग वाळू, मग तळ्याची उंच पाळ. पाळीवर सायकल खांद्यावर घेऊन चढायचं आणि पलीकडे बसून उतरायचं. उतार अरुंद, चाकोऱ्यांचा, आणि खाली वळणावर बाभळी. जुलैच्या पुरात तळ्यात मगर आली की नाही यावर केयूरचा आणि गजेंद्रचा वाद. गजेंद्र म्हणे, "असली तर बरंच रे, माझा वेग वाढेल!"

पिलाजीरावांना मोहनची जुनी सायकल दिली. मोहन म्हणजे आमचा धाकटा, कॅनडात. तिचे ब्रेकचे रबर नवे घातले, सीट खाली घेतली. फळ्यांवर दोनदा आपटले. मग खांद्यावर कशी घ्यायची ते दाखवलं — आडव्या नळीखाली खांदा घालायचा, हात पुढून काढून हॅन्डल धरायचं. त्यांनी घेतली आणि तसेच उभे राहिले. मी म्हटलं, "जड आहे का?"

"नाही हो." मग जरा वेळानं — "हिला खांदा द्यायचा राहिला. शववाहिनी दारातच उभी होती. लिफ्टमधून स्ट्रेचर, स्ट्रेचरवरून गाडी. कोणी खांदा मागितलाच नाही."

आणि पाळ चढून गेले.

सोमवार, २३ सप्टेंबर

मंदा नाराज. "पितृपक्षात नवं काही सुरू करतात का? आणि तिघं! तिघांनी कुठं जाऊ नये." चौथी म्हणून पिशवीत सुपारी टाकून दिली.

रविवार, २९ सप्टेंबर

सीझनची पहिली शर्यत. घरी घट बसले, आणि मी चिखलात.

शुक्रवारच्या पावसानं मैदान म्हणजे लापशी. वरून ऊन असं की चिखल अंगावरच वाळून तडकतो. माइकवरचा पोरगा ओरडत होता, "अब आ रहे हैं हमारे दादाजी लोग!" दादाजी म्हणे! तोंडात चिखल नसता तर उत्तर दिलं असतं. फळ्यांवर पाय अडकला, वाळूत सायकलीनं हातच टेकले, पाळीवर छाती अशी वाजत होती की मला वाटलं मागून कोणी येतंय. तरी घंटा ऐकली. गजेंद्र पहिला, मी दुसरा, पिलाजीराव तिसरे. बक्षिसाचा पेढा गजेंद्रला.

आनंद व्हायला हवा होता. पण डोळ्यांसमोरून एक जात नाही. पिलाजीराव सपाटीवर बैलगाडी, चढावर तर थांबत थांबत. आणि उतारावर? विहिरीत धोंडा टाकावा तसे! बघायला आलेली एक बाई किंचाळलीच. दोनदा पडले. आपण पडलो की आधी आजूबाजूला बघतो, कोणी पाहिलं का. हे बघतही नव्हते. कोपरातून रक्त आलं होतं, ते मी दाखवलं तेव्हा त्यांना कळलं.

सोमवार, ३० सप्टेंबर

तिन्ही सायकली गच्चीवर धुतल्या. चिखलातली वाळू रबर खाते, एका शर्यतीत निम्मा ब्रेक जातो. माझे निम्मे उरलेत. गजेंद्रचे तर संपलेच, आतला पत्रा रिमला लागतोय.

पिलाजीरावांचे कोरे. मी बसवले तसेच. दुकानातून आणलेल्या रबरावर साच्याची बारीक रेघ असते ना, ती रेघसुद्धा जागेवर!

वायर बघितली, ठीक. लिव्हर ठीक. दाबून बघितला — चाक जागच्या जागी थांबतं. म्हणजे ब्रेक चालू आहे. दाबलेला नाही. एकदाही नाही.

पाण्याच्या टाकीला टेकून बसलो.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

निरुपमाचा सुरतेहून फोन. पिलाजीरावांची एकुलती एक. "काका, बाबा जेवायला लागले हो! काल फोनवर स्वतःहून बोलले. चिखल किती होता ते सांगत होते. तुम्ही अगदी देवासारखे धावून आलात."

मी नुसता "हो, हो" करत राहिलो. रबराचं ओठांवर आलं होतं. गिळलं.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

दसरा. सोनं द्यायला पिलाजीरावांकडे गेलो. झेंडूची माळ त्यांच्या सायकलीला घातली आणि घालता घालता विचारलं, "पिलाजीराव, उतारावर ब्रेक दाबत नाही का तुम्ही?"

लपवलं नाही माणसानं. "नाही."

"का हो?"

"सुटल्यासारखं वाटतं. वर काही राहत नाही, खाली काही राहत नाही. तेवढा वेळ बरं असतं."

"आणि पडलात तर?"

"तर पडलो." चहाला साखर किती, असं विचारल्यावर सांगावं तसं सांगितलं. आणि वर हसून — "घ्या ना, फाफडा घ्या. सकाळीच आणलाय."



बुधवार, ९ ऑक्टोबर

गजेंद्रला सांगितलं. तो चिडला. "अरे शरद, रबर झिजले नाहीत म्हणून माणूस मरायला निघाला? नवशिका आहे तो!"

"मी विचारलं त्यांना. 'तर पडलो' म्हणाले."

मग बोलला ते खरं बोलला — "त्याला काढलास तर गट मोडला. तू आणि मी दोरीबाहेर. मी एकसष्टचा आहे बाबा, माझ्याकडे असे किती सीझन आहेत?"

घरी मंदाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, लाटणं थांबलं. "उद्याच्या उद्या नाव काढा त्यांचं."

"आणि? परत हिंचक्यावर बसवू? मुंग्या लागलेल्या टिफिनपाशी?"

तव्यावरची पोळी करपली.

शनिवार, १२ ऑक्टोबर

उद्या दुसरी शर्यत. नाव काढलं नाही.

मी दुसरं ठरवलंय. उतारावर मी त्यांच्या पुढं राहीन. वाट अरुंद आहे, मला ओलांडता यायचं नाही. मी सावकाश उतरलो की झक मारत त्यांना ब्रेक दाबावा लागेल. एकदा दाबला की हाताला सवय लागेल. हाताला सवय लागली की...

पुढं काय ते मलाच माहीत नाही. आणि या युक्तीत गटही वाचतो, घंटाही वाचते. फारच सोयीची युक्ती. म्हणूनच मन खातंय.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

डाव्या खांद्याजवळचं हाड मोडलं. गळ्यात झोळी. बरं झालं डावं, लिहिता तरी येतं. आज लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

रविवारी पहिल्या फेरीला चुकामूक झाली. पिलाजीराव चढावर रेंगाळले, मी खाली उतरून गेलो होतो. दुसऱ्या फेरीला पाळीच्या माथ्यावर थांबलो, चेन निघाल्याचं सोंग करून. गजेंद्र पुढं गेला, जाताना ओरडला, "चल की रे!" मग पिलाजीराव आले. सायकल खांद्यावर, तोंडानं श्वास. मला बघून म्हणाले, "थांबलात? चला." मी पुढं झालो.

सावकाश उतरायचं म्हणून मीच ब्रेकवर होतो. निम्म्यावर पुढचं चाक चाकोरीत अडकलं आणि सायकल आडवी. मीही आडवा, वाट अडवून. ज्यांना अडवायला गेलो त्यांना असं अडवलं! उठायला गेलो तर डावा हात माझा नव्हताच. वरून चाकांचा आवाज येत होता. मी डोळे मिटले.

गजेंद्र खालून बघत होता. म्हणाला, "सरळ आला रे. तुझ्यावरून उडाला आणि गडगडत बाभळीत." माझ्या अंगाला त्यांची सायकल लागलीसुद्धा नाही.

केयूरनं स्वतःच्या गाडीतून नेलं. बरगडी मोडून फुप्फुसात गेली आहे. कमरेचंही हाड. अजून शुद्ध नाही. डॉक्टर "जोइए" एवढंच म्हणतात — बघू.

सगळे म्हणतात, म्हाताऱ्याला वेग आवरला नाही. मला ठाऊक आहे. आवरायचाच नव्हता त्यांना. आणि हे ठाऊक असून मी त्यांना माथ्यावर "चला" म्हणू दिलं.

बुधवार, १६ ऑक्टोबर

निरुपमा आली आहे. केयूरकडून तिला गटाचं सगळं कळलं. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये माझ्यासमोर उभी राहिली. "काका, तुम्हाला तिसरा माणूस हवा होता. म्हणून नेलंत ना बाबांना?"

मंदा मध्ये पडायला निघाली, "अगं, तसं नव्हे —" तिला थांबवलं. म्हटलं, "हो."

ती वळून आत निघून गेली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

केयूरनं सांगितलं, साठीपुढचा गट बंद. ऐकलं. काही वाटलं नाही.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

पिलाजीराव शुद्धीवर आले. आज भेटू दिलं. निरुपमा माझ्याकडे न बघता बाहेर गेली. त्यांचा आवाज असा नाहीच, नुसता वारा. कान तोंडाशी नेला. "तुम्ही आडवे दिसलात. दोन्ही ब्रेक करकचून दाबले. म्हणून उडालो." मग माझं मनगट घट्ट धरलं. "फार भ्यालो हो, शरदराव. अजून भीती वाटतेय. जाऊ नका इतक्यात."