मुंगी कोरडी

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. (गुडघा सोलला आहे, तेव्हा आठांतलं एक अंग या वेळी वजा.) तुमची कंबर कशी आहे? मामींचा खोकला गेला का? इकडे सगळे ठीक. बाबा दोन दिवस शिंकत होते, आता थांबलेत. त्या शिंका कुठून आल्या ते कळवायलाच हे पत्र.

शाळेत यंदापासून एक तरी हातचं काम शिकायचं असतं. मी प्लंबिंग घेतलं. आई म्हणाली, शिवण घे. ताई म्हणाली, निदान जेवायच्या आधी हात धूत जा. बाबांनी पेपर तोंडासमोर एवढा उंच धरला की त्यांचं फक्त टक्कल दिसत होतं. पण मामा, पाइपला आटे पाडताना चकचकीत कीस वळत वळत बाहेर येतो, तो एकदा बघाच! शाळा संपल्यावर हेच शिकायचं, हाच धंदा करायचा, असं मी जेवताना जाहीर केलं. बाबांचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी ते या विषयातून माझं नाव काढायला शाळेत आले.

आमच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात सरावाची बाथरूम आहे. दार सुतारकामाच्या मुलांनी बसवलेलं, आत बेसिन, शॉवर, आरसा, साबण, टॉवेलसुद्धा. (सर म्हणतात, खोटं काम करायचं तर खऱ्यासारखं करा.) पाइपांचा प्रत्येक जोड एकेकाचा, शेजारी खडूने त्याचं टोपणनाव. त्या दिवशी तिथे पहिल्यांदाच पाणी सोडायचं होतं. एकाने आत उभं राहायचं, सर बाहेरून कॉक उघडणार, आणि कोणाचा जोड गळतो ते आतल्याने ओरडून सांगायचं, अशी पद्धत. आत जायची पाळी चष्मिशची होती. तो पाना आणायला गेला आणि तेवढ्यात बाबा आले. वर्कशॉपच्या दाराची तेलकट मूठ हाताला लागली, समोर बाथरूम दिसली, साबण दिसला. ते आत गेले आणि सवयीने कडी लावली. सरांना वाटलं, चष्मिशच आहे. मी टेबलाखाली घरंगळलेला नट शोधत होते. (गुडघा तिथलाच.)

सरांनी कॉक उघडला.

"अहो!" आतून आवाज आला.

"गळतंय का?"

"गळतंय!"

"कुठे?"

"डोक्यावर!"

"मग डोक्यावर कोणाचं नाव आहे ते वाच की, गाढवा!"

मी आवाज ओळखला आणि उठताना टेबलावर डोकं आपटलं. तोवर बाबा वाचू लागले होते. (वरिष्ठ ओरडले की ते आधी काम करतात, मग विचारतात.) "जाड्या... चष्मिश... बोका... अरे, या बोक्याचा तर धबधबा आहे!" मग वेगळ्याच आवाजात: "मुंगी कोरडी आहे."

हे नाव तुम्हीच ठेवलेलं, मामा. घरात अजून तेच चालतं.

बाबा बाहेर आले ते टॉवेल खांद्यावर टाकून. सरांच्या हातून कॉकची चावी पडली. "साहेब, आपण कोण?"

"मुंगीचा बाप," बाबा म्हणाले.

नाव काढायचा विषय निघालाच नाही. घरी येताना त्यांचे बूट पचपचत होते. वाटेत त्यांनी एकच विचारलं, "गळू नये म्हणून आट्यांवर दोरा किती गुंडाळतेस गं?"

मामा, मी प्लंबर होणार!

तुमची,
मुंगी

ता. क. माझा जोड ओळीत शेवटचा होता. सरांनी नंतर समजावलं की पाणी तिथवर पोचलंच नाही, आधीच्यांनीच ते सगळं बाबांवर सोडलं. मग त्यांनी माझा जोड एकटा तपासला. पाझरला. मी तो उघडून पुन्हा बसवला, आता खरंच कोरडा आहे. बाबांना यातलं काहीही सांगू नये.

आणखी ता. क. बाबांचा होकार एका अटीवर आहे: आधी एक खरी बाथरूम पूर्ण करून दाखवायची, आणि ती आपल्या घरची नको. तुमच्या वतीने मी हो म्हटलं आहे. शनिवारी सकाळच्या गाडीने हत्यारांसकट येते. मामींना एवढंच सांगा, शुक्रवारीच पाणी भरून ठेवा.