खान्देश रॉक मंडळ, सभासद दोन

१ जानेवारी १९८९, रविवार. सकाळी ८.

नवी डायरी. गेल्या वर्षीची जानेवारीतच बंद पडली, पण त्याला कारण होतं. पेन गळत होतं.

यंदाचे संकल्प. रोज अर्धा तास गिटार. चहा दिवसाला दोनच. आणि मुख्य म्हणजे खान्देश रॉक मंडळाची सभासद संख्या दोनवरून पन्नासवर नेणे. जळगाव चाळीस, धुळे दहा. धुळ्याचे लोक सावकाश तयार होतात, म्हणून दहाच धरले.

सध्याचे सभासद म्हणजे अध्यक्ष मी, चुडामण वारके, आणि उपाध्यक्ष पितांबर. बळीराम पेठेत झुंबरबाईंच्या माडीवर आम्ही दोघं सहा वर्षं एका खोलीत राहिलो. तो वीज मंडळात. जूनमध्ये त्याची दीपनगरला बदली झाली. वरून हुकूम आला, तो बिचारा काय करणार? दीपनगर म्हणजे काही लंडन नव्हे, एस.टी.ने तासाभराचा रस्ता. गाड्यांचं मला कुणी सांगायला नको, स्टँडवर चौकशीच्या खिडकीत मीच बसतो. दर रविवारी पाचला त्याने यायचं असं ठरलंय. अजून एकदाही जमलं नाही. ड्यूटी असते. पण जाताना मोठा स्पीकर इथेच ठेवून गेला, स्वतःच्या हाताने लाकडी पेटीत बसवलेला. परत यायचं नसतं तर स्पीकर ठेवून गेला असता का?

सायं. ७.

आला नाही. एक तारखेला गाड्यांना फार गर्दी असते.

३ जानेवारी, मंगळवार.

गिटार, सात मिनिटं. डाव्या हाताच्या बोटांना फोड येणार असं वाटलं. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीची दोन बोटांची टोकं कारखान्यात मशीनखाली गेली, तरी टोपणं लावून वाजवत राहिला. पण त्याला सकाळी सहाला तिकिटांचे गठ्ठे मोजायचे नव्हते.

चहा चार. थंडी आहे.

८ जानेवारी, रविवार.

पाच ते साडेपाच रामोन्सची पहिली कॅसेट. चौदा गाणी, एकोणतीस मिनिटं. पितांबरच्या मुंबईच्या मावसभावाने भरून दिलेली. कव्हरच्या फोटोत चौघे भाऊ विटांच्या भिंतीला टेकून उभे आहेत, चौघांची जाकिटं सारखी. घरात एकाच ताग्यातून सगळ्यांचे कपडे शिवायचे असणार. चौघांचं आडनाव एक, चूल एक, वाटणीचं नाव नाही. आपल्याकडे दोन भावांत बांधावरून डोकी फुटतात. म्हणून मी आणि पितांबरने तेव्हाच ठरवलं होतं, मी चुडामण रामोन, तो पितांबर रामोन. पत्रावर अजून मी तशीच सही करतो.

तो आला नाही. कॅसेट उलटायचं काम त्याचं होतं, ते मी केलं. दुसरा कप चहाही मीच प्यायलो, वाया कशाला घालवायचा.

११ जानेवारी, बुधवार.

झुंबरबाई तक्रार घेऊन वर आल्या. खाली भांडी थरथरतात म्हणाल्या. जाता जाता कॅसेटच्या कप्प्याकडे बघत होत्या. बरं झालं, सेक्स पिस्टल्सच्या कॅसेटवर मी फक्त 'एस. पी.' लिहून ठेवलंय. त्यांनी विचारलं, हे एस. पी. साहेबांचं भाषण आहे का. हो म्हटलं. जिना उतरताना जरा आदराने बोलल्या.

त्या पोरांनी स्टुडिओत एकच अल्बम काढला आणि मोडले. मी आणि पितांबर सहा वर्षं टिकलो.

२२ जानेवारी, रविवार.

आता जाहिरात हवी. स्टँडसमोरच्या सलूनच्या काचेवर कागद चिकटवला: 'हार्ड रॉक बँड. दर रविवारी सायं. ५ वा. चौकशी: वारके, बळीराम पेठ, झुंबरबाईंच्या माडीवर.' अक्षर चांगलं आलं. पन्नास लोक एकदम आले तर बसवायचे कुठे, याची काळजी लागली आहे. झुंबरबाईंकडे सतरंजी मागून ठेवली.

२९ जानेवारी, रविवार. सायं. ७.

आला! सभासद आला!

नाव अभिमनभाऊ. पन्नाशीचे, धोतर, टोपी. एरंडोलच्या पुढे पद्मालयाच्या रस्त्याला गाव. दर रविवारी लिंबं घेऊन जळगावच्या बाजारात येतात, परतीची गाडी पावणेसातची. आवाज दणदणीत, बोलले की गल्ली ऐकते. असाच माणूस रॉकला लागतो.

दारातच विचारलं, "तुमना बँड कितला मानसंना शे, भाऊ?" मी चार बोटं दाखवली. चार भाऊ, सख्खे, असं सांगून कव्हर पुढे केलं. त्यांनी चौघांची केसं बराच वेळ निरखली. मग मी कॅसेट लावली. मी आवाज बेताचा ठेवला होता. त्यांनी हाताने खूण केली, वाढव. आणखी वाढव. पार शेवटाला नेला. मग स्पीकरच्या पेटीजवळ सरकले, टोपी मांडीवर ठेवली, पेटीवर तळहात टेकला आणि डोळे मिटून दोन्ही साईड बसले. मध्ये एक शब्द नाही. पितांबरसुद्धा मधेच पेपर वाचायचा.

उठताना त्यांनी खिशातून सुपारी काढून पेटीवर ठेवली. मला भरून आलं. कलेला असा मान आजवर जळगावात कुणी दिलेला नाही. ते गेल्यावर मी सुपारी खाल्ली.

३० जानेवारी, सोमवार.

खिडकीत बसल्या बसल्या लक्षात आलं. बँडला सुपारी लग्नाची देतात. आणि मी ती खाल्ली.

काही बिघडलेलं नाही. पुढच्या रविवारी स्पष्ट सांगतो. गैरसमज वेळीच दूर केलेला बरा.

५ फेब्रुवारी, रविवार.

आले. बरोबर पाचला. येताना डझनभर लिंबं आणली. अशा वेळी विषय काढणं बरं दिसत नाही.

१२ फेब्रुवारी, रविवार.

आज सांगणारच होतो. पण त्यांनीच आधी सांगितलं की मुलाचं लग्न सात मेला आहे, "लगीनले येवानं बरं का." म्हणजे ऑर्डर पक्की. मी घसा साफ करून म्हटलं की अभिमनभाऊ, हा बँड अमेरिकेत असतो. त्यांनी मान डोलावली. अंतराचं त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही.

मग आज एसी/डीसी लावलं. त्यातला गिटारवाला शाळेच्या गणवेशात चड्डी घालून वाजवतो हेही सांगितलं. त्यावरही मान डोलावली. समज असलेला माणूस आहे.

५ मार्च, रविवार.

सलग सहा रविवार. हजेरी शंभर टक्के. उपाध्यक्षपद बदलावं का, असा विचार मनात येऊन गेला.

आज कॅसेट संपल्यावर गाडीला वेळ होता, म्हणून बोलत बसलो. आई गेली तेव्हाचं सांगितलं. मुलीकडचे खोली बघून गेले आणि पत्र आलंच नाही, ते सांगितलं. दिवसभर खिडकीत हजार माणसांशी बोलतो पण सगळे गाडीचंच विचारतात, हे सांगितलं. पितांबरचंही सांगितलं, सरकारी बदली, वरचा हुकूम, त्याचा इलाज नव्हता. अभिमनभाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते. मधे बोलले नाहीत, सल्ला दिला नाही. ऐकावं कसं हे या माणसाकडून शिकावं. फार हलकं वाटलं मला.

लग्नाचं सांगायचं राहिलं.

२० मार्च, सोमवार.

मार्ग सापडला. नाही म्हणायचंच कशाला? टेप, पेटी आणि एक भोंगा, वरातीपुढे बैलगाडीवर. मी कॅसेट लावणार, पितांबर वायरिंग बघणार. खान्देशातली पहिली हार्ड रॉक वरात. गावोगाव शाखा निघतील. आज पितांबरला पत्र टाकलं, सहा मेला मुक्कामी ये, मंडळाच्या इज्जतीचा प्रश्न आहे. सही, चुडामण रामोन.

२ एप्रिल, रविवार.

काल पितांबरचं उत्तर आलं. दोन ओळी. दीपनगर कॉलनीत भजनी मंडळ निघालंय, तो तबल्याला बसतो, दर रविवारी पाच वाजता. चाळीस माणसं जमतात. सात मेला रविवारच येतो, म्हणून जमणार नाही.

सोबत इंग्रजी मासिकाचं कात्रण. त्यावर पेन्सिलीने लिहिलंय, 'चुडामण, हे चौघे भाऊ नाहीत रे. आडनाव नुसतं लावलंय.' कात्रणात चौघांची खरी आडनावं दिलीत, चार घरची चार. एक तर हंगेरीत जन्मलेला. उलट एसी/डीसीमधले दोघे खरे सख्खे भाऊ निघाले.

मासिकवाले काहीही छापतात.

अभिमनभाऊंना मी यातलं काही सांगितलं नाही. त्यांना उगाच वाईट वाटायचं.

१६ एप्रिल, रविवार.

भोंगेवाला म्हणतो की सीझनला सहा महिने आधी सांगावं लागतं. पेटीचाच आवाज पुरेल. गिटारही नेईन, नुसती गळ्यात.

३० एप्रिल, रविवार.

अभिमनभाऊंनी हळदीकुंकू लावलेली पत्रिका हातात दिली. पाकिटावर 'श्री. टेपवाले भाऊ'. माझं नाव त्यांना अजून माहीत नाही याचं नवल वाटलं. पाच-सात वेळा तरी सांगितलंय.

झोप नाही. लोक मारतील का?

७ मे, रविवार. रात्री, परत आल्यावर.

मारलं नाही.

सकाळच्या गाडीने गेलो. टेप पिशवीत, पेटी टपावर, गिटार मांडीवर. गावात उतरलो तर मांडवासमोर बँड उभा. लाल कोट, पितळी वाद्यं, मोठा ढोल. ढोलावर लिहिलेलं, धुळे. मी पेटीसकट कडुलिंबाखाली थांबलो.

अभिमनभाऊंच्या पत्नी भिकुबाई पाणी घेऊन आल्या. तुम्हीच टेपवाले भाऊ का म्हणाल्या. मी हात जोडले आणि तीन महिने पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं, सुपारी, अमेरिका, सगळं. त्या हसल्या. म्हणाल्या की पहिल्याच दिवशी धाकट्या दिराने यांना सांगितलं होतं, माडीवर कुठे लग्नाचा बँड असतो का, आणि दुसऱ्याच दिवशी धुळ्याच्या बँडला सुपारी दिली. म्हणजे माझी वाट कुणीच बघत नव्हतं.

मग अभिमनभाऊ दर रविवारी का येत होते, असं मी विचारलं. मला वाटलं म्हणतील, गाणं आवडतं.

त्या म्हणाल्या, "त्यासले ऐकू येत नही, भाऊ. बारा वरीस व्हयनात. जिनमा कामले व्हतात." कापसाच्या जिनिंगच्या मशीनपाशी उभं राहून कान गेले. घरी कुणी त्यांच्याशी फारसं बोलत नाही, ओरडावं लागतं म्हणून. जळगावात एक भाऊ आहे, त्याच्या पेटीवर हात ठेवला की छातीत धडधडतं, आणि तो आपल्याशी तासभर बोलत बसतो, असं त्यांनी घरी सांगितलेलं.

मी पाणी प्यायलो. आणखी एक लोटा मागितला.

वरातीत अभिमनभाऊ मला शोधत आले. हाताला धरून ढोलापाशी नेलं, माझा पंजा ढोलाच्या बाजूला दाबून धरला, आपलाही ठेवला. "दख, कशी धडधडस!" गल्लीभर ऐकू गेलं. दोघं तसेच चालत राहिलो. मग बँडमास्तरने बाजूला व्हायला सांगितलं.

१४ मे, रविवार. सायं. ७.

मंडळ बरखास्त करायचं ठरवलं होतं. गिटार भिंतीला, टेप बंद. लग्न उरकलं, आता ते कशाला येतील?

पाच वाजता आले. लिंबं आणली. पेटीजवळ बसले, टोपी मांडीवर. मी कॅसेट लावली, आवाज शेवटाला. दोन्ही साईड झाल्या. गाडीला अजून वेळ होता. मी गप्प बसलो. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी काय बोलायचं?

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आज का बरं बोलत नही, भाऊ?"

झुंबरबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून मी दार लावून घेतलं. मग सांगितलं. पितांबरची बदली वरून झाली नव्हती. त्याने मागून घेतली. अर्जाची नक्कल त्याच्या उशीखाली सापडली होती मला, त्यात कारण लिहिलं होतं, राहत्या जागी स्वस्थता नाही. त्याला रॉक कधीच आवडला नाही. सहा वर्षं माझ्यासाठी बसला, मग बसवेना. स्पीकर ठेवून गेला कारण त्याला तो नको होता.

अभिमनभाऊंनी मान डोलावली. मग टोपी घातली आणि पावणेसातच्या गाडीला गेले.