चारशे बारा कॅसेट्स आणि एक वायर

१ जून, सकाळी ७
संकल्प : चारशे बारा कॅसेट्स महिन्याभरात लॅपटॉपवर. तीस तारखेला मुलगी बाळाला घेऊन राहायला येतेय, कॅसेट्सची खोली तिला. तोवर ज्या उतरवून होतील त्या वाचल्या, बाकी भंगारात. हा हिचा निकाल, अपील नाही. घाबरतो कोण? रोज चौदा. हां हां म्हणता होतील.

२ जून
साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटंच वाजते. हे आधी कुणी बोललं नाही. झोप कमी करणार.

५ जून
एकूण सहा. सातवीची टेप मशीनने गिळली. पेन्सिलीने गुंडाळताना डोळे भरले. हिला सांगितलं, धूळ गेली.

९ जून
मेहुणा आला. वकील. आल्या आल्या कॉपीराइट काढला. म्हणे, कॅसेट तुमची, गाणं तुमचं नाही. स्वतःपुरती कॉपी केलीत तर निदान वाद घालता येईल, चार जणांना वाटलीत तर गेलात कामातून. जुंपलीच आमची. चाळीस वर्षं जिवापाड जपलं, त्यावर माझा काडीचा हक्क नाही? तो म्हणाला, डब्यावर आहे. या नादात तीन कॅसेट्स बुडाल्या.

१७ जून
एकोणचाळीस. नवा नियम : ऐकत बसायचं नाही. मशीन सुरू करून खोलीबाहेर. तपासणी शेवटी एकदम. आता वेग येईल.

२५ जून
एकशे दोन. हिच्याकडे आठ दिवस मागितले. पाया पडायचाच बाकी होतो. ही म्हणाली, मग बाळाला काय कॅसेट्सवर झोपवू? जीव नकोसा झालाय.

३० जून
भंगारवाला सगळ्या घेऊन गेला. उतरवलेल्याही दिल्या. त्या आता अमर आहेत. एकशे एकेचाळीस! फोल्डर बघून ऊर भरून आला.

१ जुलै, दुपारी
फोल्डर उघडलं. वायर लॅपटॉपच्या भलत्याच भोकात होती. महिनाभर लॅपटॉपच्या माइकने नुसता घरातला आवाज टिपला. गाणी कुठेतरी लांब, शेजारच्या बिल्डिंगमध्ये लागल्यासारखी. जवळ मिक्सर, दाराची बेल आणि हिचे फोन.
मेहुण्याला एक फाइल पाठवली. ऐकून म्हणाला, "भाऊजी, बिनधास्त वाटा. भंग व्हायला यात गाणंच नाही."

१० जुलै, संध्याकाळी
तरी एकेक ऐकतोय. सत्तराव्या फाइलमध्ये ही बहिणीला सांगतेय, "अगं, चाळीस वर्षांत ह्यांना यातली एक कॅसेट पुरती ऐकताना मी पाहिलं नाही."
साफ खोटं. पण दाखवायला आता कॅसेट नाही.