ज्युपॉली आणि लोरेनीशा

पाचूबंदर, वसई
४ ऑक्टोबर २०२५

प्रिय रोवेनाताई,
स. न. वि. वि.

फोनवर माझी जीभ टाळ्याला चिकटते, म्हणून ई-मेलने हे रीतसर पत्र. तुझ्या बाळाचे नाव लोरेनीशा ठेवल्याचे कळल्यापासून तुझे पप्पा, आमचे ज्युलियसकाका, भेटेल त्याला विचारतात, की ही कोणती संतीण आणि या नावाचा अर्थ काय. अर्थ कळल्याशिवाय डिसेंबरात बाप्तिस्म्याला चर्चमध्ये पाऊल ठेवणार नाहीत म्हणे. पॉलिनकाकूंनी विचारले, की तुमच्या घोरण्याला तरी काय अर्थ आहे! नातीला कडेवर घ्यायला नवा सदरा मात्र शिवून तयार आहे. रागाच्या भरात त्यांनी आपली नवी होडीही बिननावाचीच ठेवली आहे.

अर्थ कळवलास, तर धीर करून सांगेन. त्यांच्या रागापायी माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
प्रीतल


अटलांटा
९ ऑक्टोबर २०२५

चि. प्रीतल हिस अनेक आशीर्वाद.

त्यातले ‘लोरे’ माझ्या सासूबाईंचे, लोरेटा यांचे. उरलेले त्यांच्या लेकाने, आमच्या मार्कसने, कानाला गोड लागले म्हणून जोडले. सासूबाई सांगतात, की गुलामगिरीत त्यांच्या पणजोबांचे नाव मालकाने ठेवले होते. पुढे, पन्नास-साठ वर्षांपूर्वी, हक्कांसाठी लढताना अनेक कृष्णवर्णीय आईबापांनी नावेही स्वतः घडवायला घेतली. कोणी आफ्रिकी, अरबी वा फ्रेंच नाद उचलला, कोणी आजीच्या नावाचा तुकडा. असे नाव वाचून नोकरीचा अर्ज बाजूला सारणारे साहेब आजही आहेत, तरीही ठेवतात. अर्थ हवाच असेल तर एवढाच, की हे मूल आमचे आहे.

आणि काय गं, संत प्रीतल कोणत्या शतकात होऊन गेली?

घाबरू नकोस, माझी माया पाठीशी आहे.

तुझी ताई


पाचूबंदर
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

भाषण पाठ करून बंदरावर गेले. बोटीच्या सावलीत जाळे सांधणारे काका मला पाहताच गरजले, की आला का अर्थ. मी सारे विसरले. समोर बोटीचे नाव दिसले, म्हणून ‘ज्युपॉली’चा अर्थ विचारला. काका खुलले. ज्युलियसमधला ज्यु, पॉलिनमधली पॉली. बोट आमची, नाव आमचे, फादरनी त्यावरच पवित्र पाणी शिंपडले, अर्थ कशाला पाहिजे, म्हणाले. आणि लगेच जीभ चावली. मासळी निवडणाऱ्या काकू वर न पाहताच म्हणाल्या, की आजचे प्रवचन फार छान झाले.

तेवढ्यात मी मालकाने ठेवलेल्या नावाचे सांगून टाकले. काका बराच वेळ जाळ्याची एकच गाठ चाचपत राहिले.

आज सकाळी नव्या होडीवर ‘लोरेनीशा’ रंगवलेले दिसले.

लोभ आता आम्हा तिघींत वाटून दे: मी, बाळ आणि होडी. काकांचा निरोप शब्दशः देते: दोघींवर एकाच दिवशी पानी शिंपडू, पोरीला लवकर आना, आणि आता नाव बदलायचं नाय, रंग वाळलाय.

तुझी, अद्याप संत न झालेली,
प्रीतल